पाव तासाची पाखरे

“आजोबा, दिसलीच नाही तर लिहायची कशी?” नातीने मला अडवले आणि मी वरमलो!

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना चालते. १९९८ साली अमेरिकेत निघालेली ही टूम २०१३ पासून आपल्याकडेही आली आहे. गच्चीत निदान पंधरा मिनिटे बसावे, ओळखू येतील ते पक्षी मोजून ‘ई-बर्ड’वर नोंदवावेत, फी नाही की पदवी नको. कावळेसुद्धा मोजायचे, बरे का! नेहमीचे पक्षी घटले, तर ते अशा नोंदींवरूनच उमगते.

आमच्या कागदावर कावळे सात, पारवे एकवीस, तांबट एक (तोही नुसता आवाजावरून). त्याखाली मी सवयीने ‘चिमण्या’ लिहायला निघालो होतो. लहानपणी त्या आमच्या तसबिरीमागे घरटी करीत. नातीने पेन्सिल काढून घेतली. पाव तासात एकही आली नव्हती.