मोटारीतला वाटाड्या बदलताना

जुनी का होईना, पण चारचाकी आता पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारात उभी असते. शहरातल्या पहिल्या मालकाने हौसेने घेतलेली, डॅशबोर्डात रस्ता दाखवणारा पडदा असलेली. पहिले चार दिवस पोरे त्या पडद्यापुढून हलत नाहीत. मग एके दिवशी तुम्ही समृद्धी महामार्गाने नागपूरला निघता आणि पडद्यावर दिसते की तुमची गाडी कोऱ्या जागेतून, म्हणजे कुणाच्या तरी तुरीच्या वावरातून धावते आहे! त्यात यंत्राचा दोष नाही. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि मुंबईकडचा शेवटचा ५ जून २०२५ रोजी. दहा वर्षांपूर्वीच्या नकाशात तो येणार कुठून?

असा पडदा काढून दुसरा बसवणे हे घरी होण्याजोगे काम आहे. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर ज्याने उघडून पाहिला आहे, त्याला तर ते मुळीच अवघड नाही. मात्र एक अट पाळायची. गाडीची मूळ वायर एकही कापायची नाही. ही अट का, ते पुढे सांगतो.

आधी बिघाड कशात आहे ते पाहा. या संचात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक उपग्रहांचे संदेश ऐकणारा भाग आणि दुसरा साठवलेला नकाशा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांपैकी किमान चारांचा संदेश मिळाला की जागा नक्की ठरते. याला पैसे पडत नाहीत, इंटरनेटही लागत नाही. नकाशा मात्र पुष्कळ गाड्यांत नखाएवढ्या कार्डात असतो. ते कार्ड नवे मिळत असेल तर डॅशबोर्डाला हात लावण्याचे कारणच नाही.

पडद्यावर रस्ता बरोबर पण तारीख वीस वर्षे मागची, असेही काही गाड्यांत होते. जीपीएस आठवडे मोजते आणि १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात करते. असा फेरा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री पुरा झाला आणि सुधारणा न केलेले जुने संच मागच्या काळात गेले. हा रोग नवा संच घेतल्याशिवाय किंवा कंपनीची सुधारणा भरल्याशिवाय जात नाही. पडदा पेटतच नसेल तर आधी फ्यूज पाहा. दहा रुपयांच्या फ्यूजसाठी हजारोंचा संच बदललेला मी पाहिला आहे.

आणि खरे सांगायचे तर नुसता रस्ताच पाहायचा असेल, तर खिशातला मोबाईल स्टँडला लावून भागते. गाडी चालवताना रस्ता पाहण्यापुरता मोबाईल वापरण्यास १ ऑक्टोबर २०२० पासून नियमाने मुभा आहे, चालकाचे लक्ष विचलित होता कामा नये एवढेच. घाटात रेंज जाते, म्हणून नकाशा घरीच उतरवून ठेवावा. मोठा पडदा, मागचा कॅमेरा, गाणी सारे एकत्र हवे असेल तरच पुढे वाचा.

काही गाड्यांना मात्र घरी हात लावू नका. एसीचे तापमान आणि गाडीच्या इतर सेटिंग त्याच पडद्यावरून होत असतील, तर तो पडदा काढल्यावर अर्धी गाडी मुकी होते. हमीची मुदत उरली असेल तरीही कंपनीच्या वर्कशॉपलाच जा.

नवा संच घेताना जागेचे माप घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत १८० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच खाच असते. दुकानदाराला गाडीचे नाव, मॉडेल आणि साल सांगून संचाबरोबर त्याच गाडीची चौकट आणि त्याच गाडीचा कपलर मागा. कपलर म्हणजे एका बाजूने गाडीच्या वायरिंगला आणि दुसऱ्या बाजूने नव्या संचाला बसणारी जोडवायर. हे विसरलात तर सारे काम बिघडले म्हणून समजा. कपलर नसला की माणूस कात्री उचलतो, वायरी सोलतो, पिळून जोडतो आणि वर चिकटपट्टी गुंडाळतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड भट्टीसारखा तापतो, चिकटपट्टीचा डिंक सुटतो, खडबडीत रस्त्यावर उघडी तार पत्र्याला घासते. गाडीला आग लागायला एवढे पुरते. विम्याचा माणूस पाहणीला आला म्हणजे पहिल्यांदा अशाच जोडावर बोट ठेवतो.

काम थंडीच्या पहाटे करू नका, गारठलेले प्लास्टिक काचेसारखे तडकते. चाकाला ओट लावा, चावी काढून घ्या. जुना रेडिओ बॅटरी काढल्यावर आकडी कोड मागतो का, ते गाडीच्या पुस्तकात आधीच पाहा. मग दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची वजा बाजू सोडा, नेहमी वजाच आधी. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे चहा घ्या. डॅशबोर्डात एअरबॅग असते आणि तिच्यातली साठलेली वीज ओसरायला वेळ द्यावा लागतो. पिवळे कपलर किंवा पिवळे आवरण असलेली वायर दिसली तर तिला बोट लावू नका, मीटरची सुईही नको.

पडद्याभोवतीची चौकट बहुधा खटक्यांवर बसलेली असते. प्लास्टिकच्या पट्टीला कापड गुंडाळून कडेने हळूहळू उचला. एका जागी अडले तर जोर लावू नका, तिथे लपलेला स्क्रू असतो. चौकट निघाल्यावर चार स्क्रू दिसतील. गिअरच्या बाजूला जुनी सतरंजी पसरा, म्हणजे ओरखडे पडणार नाहीत आणि पडलेला स्क्रूही सापडेल. घरातल्या मुलीला किंवा मुलाला प्रत्येक पायरीचा फोटो काढायला बसवा. उलट जोडताना हेच फोटो कामाला येतात, शिवाय पोरांनाही काम कळते.

कपलर बरोबर असला तर जोडणी नुसती खटक्यांची आहे. तरी रंग ठाऊक असावेत. बाजारातल्या संचात पिवळी वायर कायमच्या विजेची, लाल चावी फिरवल्यावर येणाऱ्या विजेची, काळी अर्थिंगची. गाडीच्या बाजूचे रंग वेगळे असतात, म्हणून रंगावर न जाता मीटर लावून खात्री करा. पिवळी आणि लाल उलटी लागली तर गाडी बंद केली की संच सगळे विसरतो. स्पीकरची वजा वायर पत्र्याला कधीही जोडू नका, नवा संच जागीच जळेल. रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर बसवल्याची खात्री करा. मागे शेळ्या-पोरे खेळत असतात.

जीपीएसची काडेपेटीएवढी अँटेना पुढच्या काचेखाली, डॅशबोर्डाच्या वरच्या अंगाला, तोंड आकाशाकडे करून ठेवा. वर पत्रा येता कामा नये. स्क्रू आवळण्याआधी बॅटरी जोडून आवाज, कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणे, सारे तपासा. मग गाडी मोकळ्या अंगणात घ्या, आंब्याखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये नको. उपग्रहांची पुरती यादी उतरायला साडेबारा मिनिटे लागतात, तेव्हा पहिल्यांदा रस्ता दिसला नाही म्हणून घाबरू नका.

एक गोष्ट शहरातले मेकॅनिक सांगत नाहीत, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाची गाडी रोज चालते. आपली पेरणीच्या दिवसांत पंधरा-पंधरा दिवस उभी असते. काही नवे संच बंद असतानाही वीज पीत राहतात. गाडी बंद करून, दारे लावून अर्धा तास थांबा आणि बॅटरीच्या वजा बाजूला मीटर सलग जोडून पाहा. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. दोनशे दिसले तर दिवसाला जवळजवळ ५ अँपिअर-तास गेले, आणि पस्तीसची बॅटरी आठवड्यात संपते. रात्री-अपरात्री आजाऱ्याला न्यायची वेळ आली तर गाडी ढकलायची पाळी येईल. तेव्हा संच दुकानदाराला परत करा.

काढलेला जुना संच भंगारात घालू नका. त्यातले घरचे पत्ते आणि फोन नंबर पुसा, मग संच, चौकट आणि स्क्रू एका डब्यात भरून कोरड्या जागी माळ्यावर ठेवा. वायर कापलेली नसली तर गाडी विकताना तो अर्ध्या तासात जागेवर बसतो आणि नवा संच तुमच्या पुढच्या गाडीला राहतो.