व्यंग आणि मुखावरील काळे डाग : उपचारांची तुलना

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये व्यंगाचे वर्णन केले आहे. क्रोध व आयास यांनी प्रकुपित झालेला वायू पित्ताशी संयुक्त होऊन मुखप्रदेशी येतो आणि वेदनारहित, पातळ, श्याववर्ण मंडल उत्पन्न करतो. लोकव्यवहारात यालाच वांग म्हणतात. चरकाचार्यांनी व्यंगाची गणना रक्तप्रदोषज विकारांत केली आहे. शास्त्राने क्षुद्र म्हटलेला हा व्याधी रुग्णाच्या मनाला मात्र क्षुद्र वाटत नाही. म्हणूनच तो आपल्याकडे येण्यापूर्वी बहुधा दोन-चार उपाय करून आलेला असतो, आणि त्यांत एखादी ट्यूब दुकानातून चिठ्ठीविना आणलेली असते.

बाजारात उपाय अनेक आहेत. त्यांची तुलना करताना डाग किती दिवसांत फिका झाला, एवढेच पाहिले जाते. आमच्या मते खरी कसोटी निराळी आहे : उपचार थांबविल्यानंतर त्वचेची स्थिती काय राहते? या कसोटीवर प्रमुख उपचारांचा विचार येथे करीत आहोत.

प्रथम निदान

मुखावरील प्रत्येक काळा डाग व्यंग नव्हे. दोन्ही गाल, कपाळ व वरचा ओठ यांवर सममित पसरलेला, गर्भावस्थेत किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना उद्भवलेला वा वाढलेला डाग बहुधा व्यंगच असतो. तारुण्यपीटिका, भाजणे किंवा खरूज यांनंतर त्याच जागी राहणारा डाग दाहोत्तर असतो; मूळ दाह शमल्याशिवाय तो जात नाही. केसांचा कलप, सुगंधी द्रव्ये वा कुंकवातील कृत्रिम रंग यांच्या संपर्कानेही काळेपणा येतो. तेथे कारण वर्ज्य करणे हाच मुख्य उपचार होय. मान व काखेतील मखमलीसारखा जाड काळेपणा स्थौल्य व मधुमेहाकडे लक्ष वेधतो. डागांबरोबर हिरड्या व तळहाताच्या रेषा काळवंडल्या असून दौर्बल्य आणि वजनात घट असेल, तर अधिवृक्क ग्रंथीच्या विकाराची शंका घेऊन रुग्णास त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे.

रंगद्रव्य त्वचेच्या वरच्या थरात असल्यास डाग तपकिरी व स्पष्ट कडांचा असतो आणि उपचारास लवकर प्रतिसाद देतो. ते खोल थरात उतरले असल्यास डाग राखाडी-निळसर दिसतो व चिवट असतो. वरच्या थराच्या नवनिर्मितीस सुमारे चार आठवडे लागतात. त्यामुळे कोणत्याही सौम्य उपचाराची परीक्षा आठ ते बारा आठवड्यांपूर्वी करू नये, हे रुग्णास पहिल्याच भेटीत सांगावे.

आधुनिक द्रव्ये

हायड्रोक्विनोन हे रंगद्रव्याची निर्मिती रोखणारे प्रभावी द्रव्य आहे. परंतु दीर्घकाळ वापरल्यास काही रुग्णांत निळसर-काळा, जवळजवळ न जाणारा डाग उत्पन्न होतो. अमेरिकेत २०२० च्या कायद्यानंतर ते चिठ्ठीविना विकता येत नाही.

१९७५ मध्ये क्लिगमन व विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व स्टिरॉइड यांचे संयुक्त सूत्र मांडले. या प्रकारच्या त्रिद्रव्य क्रीमने काही आठवड्यांत चेहरा उजळतो, आणि धोक्याचे मूळही येथेच आहे. ही औषधे अल्पकाळासाठी, देखरेखीखाली वापरावयाची असतात. रुग्ण मात्र त्यांना रोजचे प्रसाधन समजून महिनोन्‌महिने लावतो. त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या व लव वाढते. क्रीम थांबविताच चेहरा लाल होऊन जळजळतो, डागही परततो आणि रुग्ण पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो.

अझेलाइक आम्ल संथ कार्य करते, परंतु त्याने त्वचा पातळ होत नाही. कोजिक आम्लाने काहींना संपर्कजन्य दाह होतो. पोटात दिले जाणारे ट्रॅनेक्सामिक आम्ल रक्तस्तंभक असल्याने रक्तात गुठळी होण्याचा पूर्वेतिहास असणाऱ्यांस वर्ज्य आहे. रासायनिक पीलिंग व लेझर यांनी आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत दाह होऊन डाग अधिक गडद होण्याचा संभव असतो.

आयुर्वेदीय उपचार

शार्ङ्गधरसंहितेत व्यंगासाठी रक्तचंदन, मंजिष्ठा, लोध्र, कुष्ठ, प्रियंगु, वटांकुर व मसूर यांचा लेप सांगितला आहे. यांतील द्रव्ये प्राधान्याने रक्तप्रसादक, पित्तशामक व वर्ण्य आहेत. चरकोक्त वर्ण्य गणातही चंदन, मंजिष्ठा, सारिवा व यष्टिमधु यांचा समावेश आहे. यष्टिमधुतील ग्लॅब्रिडिन हे रंगद्रव्य बनविणाऱ्या टायरोसिनेजला रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. तथापि प्रयोगशाळेतील हा गुण म्हणजे रुग्णावरील सिद्धता नव्हे, याचे भान जाहिरात लिहिणाऱ्यांनी ठेवावे. वाग्भटोक्त कुंकुमादि तैल आज केवळ चेहऱ्यास लावण्याचे तेल म्हणून विकले जाते. मूळ ग्रंथात त्याचा नस्यार्थ उपयोग सांगितला आहे. तैलीय त्वचा व तारुण्यपीटिका असणाऱ्यांस ते लावण्यास देताना तारतम्य ठेवावे. दोषबल पाहून विरेचन व रक्तमोक्षण यांचाही विचार करावा.

आमच्या उपचारांतही दोष घडू शकतात. बाकुची ही श्वित्राची औषधी आहे. तिच्यातील सोरालेन सूर्यप्रकाशात रंगद्रव्य वाढविते व फोडही आणते. व्यंगाच्या लेपात तिला स्थान नाही. लिंबाचा रस चोळून उन्हात जाण्याच्या घरगुती प्रयोगानेही असेच नवे डाग पडतात. लेप वाळल्यावर तसाच ठेवल्यास कांती बिघडते, म्हणून तो ओला करून काढावा व नंतर अभ्यंग करावा, असे वाग्भटांनी स्पष्ट सांगितले आहे. वाळलेला लेप खरवडून काढणे म्हणजे दाहोत्तर डागास निमंत्रण होय.

आतपवर्जन

मुखलेप केलेल्याने आतप, अग्नी, शोक, क्रोध व दिवास्वाप टाळावा, असाही वाग्भटांचा आदेश आहे. आधुनिक विज्ञानाचा निष्कर्ष याला पूरक आहे : केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर दृश्य प्रकाशानेही सावळ्या त्वचेतील व्यंग वाढते. म्हणून लोहाचे ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन साध्या सनस्क्रीनपेक्षा अधिक उपयुक्त ठरते. छत्री, रुंद काठाची टोपी व ओढणी यांना पर्याय नाही. शेतात, रस्त्यावर किंवा चुलीपुढे राबणाऱ्या स्त्रीस केवळ लेप देऊन पाठविणे म्हणजे अर्धा उपचार होय.

स्टिरॉइडदूषित मुख

अशा रुग्णात प्रथम वापरलेली ट्यूब मागवून तिच्यावरील घटक वाचावेत. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव आढळल्यास तीक्ष्ण लेप, पीलिंग व उद्वर्तन वर्ज्य करावे. क्रीम थांबविल्यावर काही आठवडे चेहरा अधिक बिघडलेला दिसेल, हे आधीच सांगावे. अन्यथा त्याचा दोष आपल्या औषधावर येतो. शीत, सौम्य उपचार करावेत व दीर्घ वापर असल्यास त्वचारोगतज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे.

विक्रेते व निर्माते यांस

केंद्र शासनाने २०१८ मध्ये त्वचेवर लावण्याच्या स्टिरॉइडयुक्त औषधांना परिशिष्ट ‘एच’ लागू केले. ती चिठ्ठीविना देणे हा नियमभंग आहे. त्याहून गंभीर प्रश्न पारदाचा आहे. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात वृक्काच्या एका विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत ‘नेल-१’ हा विशिष्ट प्रकार आढळला व त्यांतील १३ जण गोरेपणाची क्रीमे वापरीत होते. २०२२ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी याच प्रकाराचा संबंध पारंपरिक औषधांशी व त्यांतील पारदाशीही जोडला होता. म्हणून निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक व घटक नसलेले क्रीम दुकानात ठेवू नये. ‘आयुर्वेदिक’ अक्षरांखाली पारद वा स्टिरॉइड विकले गेले, तर रुग्णाबरोबर शास्त्राचीही हानी होते.

सारांश, मंद परंतु टिकणारा उपचार हाच व्यंगात श्रेष्ठ होय. रुग्णास गोरेपणाचे नव्हे, तर त्याच्या प्रकृत वर्णाचे आश्वासन द्यावे. वर्ण्य शब्दाचा अभिप्रेत अर्थही तोच आहे, अशी आमची धारणा आहे.