एका वर्षात नर्सिंगची पदवी मिळते का? प्रवेश घेण्यापूर्वी हे तपासून घ्या

"मुलगी बी.एस्सी. झाली आहे. आता एका वर्षाचा नर्सिंगचा कोर्स केला, तर सिस्टर म्हणून नोकरी लागेल ना?" बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की केदारखेडा आणि भोकरदन परिसरातले पालक दवाखान्यात हा प्रश्न हमखास विचारतात. बीपी तपासून होते, गोळ्या लिहून होतात आणि मग पिशवीतून एखाद्या संस्थेचे रंगीत माहितीपत्रक बाहेर निघते.

थोडक्यात उत्तर असे: भारतात दुसऱ्या विषयातल्या पदवीधराला एका वर्षात नोंदणीकृत नर्स करणारा कोणताही मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नाही. त्यामुळे फी भरण्यापूर्वी पुढची माहिती शांतपणे वाचा.

मग 'झटपट पदवी' हा प्रकार आला कुठून?

अमेरिकेत असा अभ्यासक्रम खरोखर आहे. दुसऱ्या विषयाची पदवी असलेल्यांना तिथे साधारण ११ ते १८ महिन्यांत नर्सिंगची पदवी घेता येते. पण शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय त्यांनी आधीच पूर्ण केलेले असावे लागतात. सुट्ट्या जवळपास नसतात, आणि शेवटी परवान्याची परीक्षा असतेच. परदेशातल्या नातेवाइकाने सांगितलेली ही गोष्ट तिथे खरी असली, तरी इथे लागू होत नाही. आपल्याकडे बी.एस्सी. किंवा बी.ए. झालेल्या मुलीला नर्सिंगच्या कालावधीत सूट मिळत नाही. तिला पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

आपल्याकडचे मान्य मार्ग

• ए.एन.एम.: २ वर्षे. बारावी उत्तीर्ण मुलींसाठी. गावपातळीवरच्या आरोग्यसेवेसाठी उपयुक्त.

• जी.एन.एम.: ३ वर्षे. बारावी कोणत्याही शाखेतून, इंग्रजीसह, किमान ४० टक्के. मुलांनाही प्रवेश घेता येतो. ए.एन.एम. झालेल्या मुलीही पुढे याला पात्र असतात, मात्र त्यांनाही ३ वर्षे पूर्ण करावी लागतात.

• बी.एस्सी. नर्सिंग: ४ वर्षे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मिळून किमान ४५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि इंग्रजी आवश्यक. महाराष्ट्रात यासाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

• पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग: २ वर्षे. जी.एन.एम. पूर्ण करून नर्सिंग काउन्सिलकडे नोंदणी झालेल्यांसाठी.

यातला शेवटचा मार्गच आपल्याकडची 'लवकरची पदवी'. पण तो आधीच नर्स असलेल्यांसाठी आहे. हिशेब करून पाहा: जी.एन.एम. ३ आणि पोस्ट बेसिक २, म्हणजे एकूण ५ वर्षे. थेट बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांत होते. ज्या घरात मुलीची कमाई लवकर सुरू होणे गरजेचे आहे, तिथे जी.एन.एम. करून नोकरी आणि नंतर पदवी हा क्रम सोयीचा पडतो. बारावीला जीवशास्त्र असेल आणि ४ वर्षांचा खर्च झेपत असेल, तर थेट पदवी चांगली.

एका वर्षाचे प्रमाणपत्र म्हणजे काय?

रुग्ण सहाय्यक किंवा जनरल ड्युटी असिस्टंटचे छोटे कोर्स असतात. रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलणे, उठायला-चालायला मदत करणे हे काम सन्मानाचे आहे आणि त्याची गरजही मोठी आहे. पण त्या प्रमाणपत्रावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही. नोंदणी नसेल तर सरकारी भरतीत स्टाफ नर्सचा अर्ज करता येत नाही. संस्था 'नर्सिंग' हा शब्द वापरून हाच कोर्स विकत असेल, तर ती दिशाभूल आहे. शेत गहाण ठेवून भरलेली फी आणि मुलीची वर्षे, दोन्ही परत येत नाहीत.

कॉलेज निवडताना काय पाहावे?

१. मान्यता: भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिल, या दोन्हींच्या संकेतस्थळांवर कॉलेजचे नाव, कोर्स आणि जागांची संख्या पाहा. मान्यता एका कोर्सला असते. जी.एन.एम.ची मान्यता पदवीला चालत नाही.

२. परीक्षा कोण घेते: बी.एस्सी. आणि पोस्ट बेसिकसाठी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. ए.एन.एम. आणि जी.एन.एम.साठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. परराज्यातली संस्था असेल, तर तिथल्या काउन्सिलकडे खात्री करा.

३. रुग्णालय: पदवी कॉलेजला १०० खाटांचे पालक रुग्णालय लागते. इमारत पाहून परत येऊ नका. वॉर्डात जा. खाटांवर रुग्ण आहेत का, विद्यार्थिनी काम करताना दिसतात का, ते बघा. रिकाम्या वॉर्डात नर्सिंग शिकता येत नाही.

४. हजेरी: परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकांची १०० टक्के भरावी लागते. म्हणून "फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो" असे कोणी म्हटले, तर तिथून उठा.

५. पैसे: प्रत्येक रकमेची पावती घ्या. मूळ कागदपत्रे एजंटच्या हातात देऊ नका. केंद्रीभूत प्रवेश फेरीतून आलेल्या पात्र मुलींना शुल्कमाफीची राज्य योजना आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर ती मिळत नाही. म्हणून एजंटकडे जाण्याआधी सीईटीचा अर्ज भरा.

प्रवेशापूर्वी तब्येतीची तयारी

फिटनेस सर्टिफिकेटवर सही झाली म्हणजे तयारी झाली, असे नाही.

• हिपॅटायटिस बी ची लस: वापरलेली सुई टोचून हा आजार होऊ शकतो. लसीचे ३ डोस असतात, पहिला आज, दुसरा १ महिन्याने आणि तिसरा ६ महिन्यांनी. म्हणून बारावीच्या परीक्षेची वाट न पाहता सुरुवात करा. लहानपणी डोस झाले असतील, तर लसीकरणाचे कार्ड घेऊन डॉक्टरांना विचारा.

• हिमोग्लोबिन: मुलींमध्ये १२ पेक्षा कमी असेल, तर उपचार घ्या. तासन्‌तास उभे राहून ड्युटी करताना चक्कर येण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

• कांजण्या आणि रुबेला: आजार होऊन गेला आहे का, किंवा लस झाली आहे का, याची नोंद ठेवा.

• दमा, फिट्स, थायरॉईड, कंबरदुखी: लपवू नका. बहुतेक वेळा औषध नियमित घेऊन शिक्षण पूर्ण करता येते. रात्रपाळी आणि जागरणाचा विचार करून डॉक्टर गोळ्यांच्या वेळा ठरवून देतात.

मनाची तयारीही हवी. रक्त, जखमा, मृत्यू हे सगळे पहिल्याच वर्षी समोर येते. जमल्यास आधी नात्यातल्या किंवा ओळखीच्या सिस्टरशी मुलीला मोकळेपणी बोलू द्या. "नोकरी लगेच लागते" एवढ्याच कारणासाठी तिला ढकलू नका.

तुमच्या घरच्या रुग्णाला रात्री दोन वाजता सलाईन लावणारी, औषधाचा डोस तपासणारी व्यक्ती पुरती शिकलेली असावी, असे तुम्हालाही वाटते. या शिक्षणाला लागणारी वर्षे त्यासाठीच आहेत. माहितीपत्रकातल्या कोर्सबद्दल शंका असेल, तर पैसे भरण्याआधी काउन्सिलच्या यादीत नाव शोधा. नाव नसेल, तर फी भरू नका.