डोक्यावरचा थवा, घोट्यावरचा डास

संध्याकाळी सोलापूरच्या संभाजी तलावाकाठी फिरताना डोक्यावर बारीक कीटकांचा घोळका जमतो आणि आपल्याबरोबर चालू लागतो. हात झाडून आपण बेजार होतो. पण हा थवा बहुधा न चावणाऱ्या, डासासारख्या दिसणाऱ्या कीटकांच्या नरांचा असतो. मादीची वाट पाहायला त्यांना एक ठळक खूण लागते, ती आपलं डोकं पुरवतं.

चावणारी असते डासाची मादी. अंड्यांसाठी तिला रक्तातली प्रथिनं हवी असतात. फोडणीच्या वासावरून घर सापडावं, तशी ती आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येते. जवळ आल्यावर घामाचा वास आणि अंगाची ऊब तिला नेमकी जागा दाखवतात. म्हणून पार्क मैदानावर धापा टाकणारा खेळाडू तिला लवकर सापडतो.

डास उडण्यात दुबळा. जमिनीलगत वारा मंद, त्यामुळे घोटे आयतेच सापडतात. मोजे आणि सैल, लांब पँट घालाच. उघड्या त्वचेवर डीट हे डासरोधक रसायन असलेलं मलम लावावं. ते डासाला मारत नाही, त्याची वास घेण्याची क्षमता गोंधळवतं.

डेंग्यू पसरवणारा एडिस मात्र दिवसाढवळ्या चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी पिंपं भरलेली असतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. म्हणून पिंपांवर घट्ट झाकण हवं आणि आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करायला हवीत. अंडी आतल्या कडेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.