दुधाच्या वादांतून निघालेलें त्रैमासिक

इंग्लंडांत मांस वर्ज्य करणाऱ्या लोकांची ‘व्हेजिटेरियन सोसायटी’ १८४७ सालीं रॅम्सगेट येथें स्थापन झाली, व १८४९ पासून ‘व्हेजिटेरियन मेसेंजर’ हें तिचें मासिक निघूं लागलें. दूध, लोणी, चीज व अंडीं हीं त्या मंडळीस निषिद्ध नव्हतीं. परंतु १९०९ ते १९१२ च्या सुमारास त्याच मासिकांत वाचकांच्या पत्रांतून वाद उपस्थित झाला कीं, मांस सोडून दूध ठेवल्यानें जनावर खरोखर वांचतें काय?

गाय व्यायल्यावांचून दूध देत नाहीं, हें गोपालकांस सांगावयास नको. वासरांत निम्मे गोऱ्हे. त्या देशांत नांगरास घोडे व पुढें यंत्रें. मग गोऱ्ह्यास काम कसलें? तो बहुधा खाटकाकडेच जाई. शिवाय चीज करण्यास लागणारें रेनेट पूर्वापार वासराच्याच जठरांतून काढीत. म्हणजे शाकाहारी गृहस्थाचें चीज व शेजाऱ्याचें मांस यांचा गोठा एकच!

१९४४ च्या ऑगस्टांत कांहीं सभासदांनीं दूधवर्ज्य आहारासाठीं मासिकांत थोडी जागा मागितली. ती मिळाली नाहीं. तेव्हां लेस्टर येथील सुतारकामाचे शिक्षक डोनाल्ड वॉटसन यांनीं नोव्हेंबर १९४४ मध्यें ‘व्हीगन न्यूज’ हें त्रैमासिक काढलें. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाचीं आरंभींचीं तीन व अखेरचीं दोन रोमन अक्षरें जोडून हें नांव बनविलें होतें. किंमत दोन पेन्स. तेवढ्यावर कोणी संपादक श्रीमंत होत नाहीं. युद्धामुळें त्या वेळीं अन्न मोजून मिळे, व शाकाहारी मनुष्यास मांसाऐवजीं जादा चीज मिळे. तें चीजही न खाणारे हे लोक होते.

पर्याय म्हणून वनस्पतीचें दूध काढण्यासाठीं १९५६ मध्यें निराळी मंडळी जमली, व १९६५ मध्यें ‘प्लॅमिल’ नांवाचें सोयाबीनचें दूध बाजारांत आलें. मात्र आहारांत उणीव होतीच. १९४८ सालीं शोधून काढलेलें ‘ब १२’ जीवनसत्त्व वनस्पतींपासून भरंवशानें मिळत नाहीं. तें गोळीनें किंवा तें मिसळलेल्या पदार्थांतून घ्यावें, असें आतां त्यांची संस्थाच सांगते. हें कबूल करणें मला त्यांच्या प्रामाणिकपणाचें लक्षण वाटतें.

आपल्याकडे गोऱ्ह्याचा बैल होई, म्हणून हा वाद आपणांस परका वाटे. आतां पुष्कळ शिवारांत ट्रॅक्टर आला आहे, आणि महाराष्ट्रांत २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीसही मनाई आहे. तेव्हां बिनकामाच्या गोऱ्ह्याची वैरण कोणी द्यावयाची, ही बाब दुधाचा दर ठरवितांना धरलेली निदान माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.