कसारा ते मॉन्टाना, व्हाया नोटपॅड

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ट्रेन सिम्युलेटर’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ बाजारात आणला. तो घडवला होता कूजू या ब्रिटिश कंपनीने. विमान उडवायचा मायक्रोसॉफ्टचा खेळ तोवर जगभर रुजला होता, त्याच धर्तीवर आता रेल्वे. यात गोळीबार नव्हता, शर्यत नव्हती, शत्रू नव्हता. इंजिनाच्या कॅबमध्ये बसायचं, सिग्नल पाळायचे, वेळापत्रक सांभाळायचं आणि फलाटावर नेमक्या जागी गाडी उभी करायची. एवढ्याने कुणाचं मन रमेल असं सांगूनही खरं वाटणार नाही. पण ज्यांचं रमलं, ते आज चाळिशीच्या आसपास असले तरी त्या खेळाचं नाव निघालं की खुर्ची पुढे ओढतात. मी त्यांच्यातलाच एक.

खेळात सहा मार्ग होते. अमेरिकेचे दोन, जपानचे दोन, इंग्लंडमधला सेटल–कार्लाइल आणि ऑस्ट्रियातला इन्सब्रुकहून सांक्ट आंटोनकडे जाणारा आल्प्समधला मार्ग. सेटल–कार्लाइलवर १९२० च्या दशकातला काळ उभा केला होता आणि चालवायला दिलं होतं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’. जाणकार यावर नाराज होते आणि त्यांचं बरोबरच होतं, कारण ते इंजिन दुसऱ्या रेल्वे कंपनीचं, त्या मार्गावर त्या काळात त्याचं काही काम नव्हतं. मला मात्र चोवीस कमानींचा रिबलहेडचा पूल त्याच इंजिनातून पहिल्यांदा दिसला.

माझ्या मनात घर करून राहिला तो जपानचा हिसात्सु मार्ग. क्यूशू बेटावर, कुमा नदीच्या काठाकाठाने जाणारी ही एकेरी लाइन १९०९ मध्ये पूर्ण झाली. हितोयोशी सोडलं की चढण लागते आणि ओकोबा नावाचं स्टेशन येतं. तिथे लाइन डोंगरात गोल वळसा घेते आणि त्या वळशातच गाडीला दिशा बदलून मागे जावं लागे, मग पुन्हा पुढे. एका डब्याच्या डिझेल गाडीत ड्रायव्हर या टोकाकडून त्या टोकाला जायचा आणि उलटा निघायचा. आपल्या बोरघाटात खंडाळ्याजवळ १९२९ पर्यंत अशीच दिशा बदलावी लागे, तिथलं रिव्हर्सिंग स्टेशन नव्या मार्गामुळे बंद झालं. मी ते फक्त ऐकलं होतं. ते काम प्रत्यक्षात कसं करतात, हे मला क्यूशूने दाखवलं. जुलै २०२० च्या पुरात कुमा नदीने तिथले पूल वाहून नेले आणि खेळात होता नेमका तोच भाग, यात्सुशिरो ते योशिमात्सु, तेव्हापासून बंद पडला.

आज त्या खेळाचं चित्र पाहिलं तर नवी मुलं हसतील. झाडं म्हणजे पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी, फलाटावरची माणसं जागची हलत नसत. मला ओढ आहे ती वेगळ्याच गोष्टीची: हा खेळ आतून उघडा होता. इंजिनाचं वजन किती, ताकद किती, ब्रेक कोणत्या जातीचे, हे सगळं साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेलं असे. नोटपॅडमध्ये उघडा, आकडा बदला, युनिकोडमध्ये सेव्ह करा, गाडी बदलली. युनिकोडमध्ये सेव्ह करायला विसरलात तर खेळ ती फाईल वाचतच नसे, हे सगळे ठेच लागूनच शिकले. मार्ग बांधायचं, कॅब रचायचं आणि कामगिरी आखायचं साधनही सीडीवर सोबतच दिलं होतं.

याची किंमत मला कळली ती बाबांमुळे. आम्ही इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. बाबा घाटात बँकर चालवत. कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना वन इन थर्टी-सेव्हनचा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, ती बँकर. तेव्हा घाटात १५०० व्होल्ट डीसी होतं आणि बँकर असत चित्तरंजनला बनलेली डब्ल्यूसीजी-टू.

कॉम्प्युटरवरच्या गाडीकडे बाबांनी बरेच दिवस ढुंकून पाहिलं नाही. एका रविवारी मी मॉन्टानाचा मरायस पास लावला होता. तिथे एसेक्स नावाचं ठाणं आहे, पश्चिमेकडून चढणाऱ्या मालगाड्यांना तिथे मदतीची इंजिनं जोडतात. ‘म्हणजे यांचं कसाराच की,’ म्हणत ते स्टूल ओढून बसले. पहिला प्रश्न: ‘ब्रेक पाइपचं प्रेशर कुठे दिसतंय?’ वेग त्यांनी विचारलाच नाही. दुसरा प्रश्न: ‘कॅच साइडिंग कुठंय?’ म्हणजे ब्रेक गेलेली गाडी थांबवणारा चढाचा आडमार्ग.

गाडीचा ब्रेक कसा लागतो, हे इथे सांगायला हवं. सगळ्या डब्यांखालून एक पाइप जातो आणि त्यात दाबाची हवा असते. ड्रायव्हरने तो दाब उतरवला की प्रत्येक डब्याच्या टाकीतली हवा ब्रेक दाबते. दाब पुन्हा भरला की ब्रेक सुटतो आणि टाकीही भरू लागते, पण लांब मालगाडीत ती भरायला वेळ लागतो. उतारावर वारंवार ब्रेक लावत-सोडत गेलं तर टाक्या रिकाम्या होत जातात, आणि मग गाडी थांबवायला हातात काही उरत नाही. घाटातल्या ड्रायव्हरची सगळी विद्या ही हवा राखण्यात आहे.

बाबांनी शिखरावरून गाडी काढली, वेग वाढायच्या आत थोडा ब्रेक लावला. गाडी जरा जास्तच मंदावली म्हणून किंचित सोडायला गेले, तर ब्रेक सगळाच सुटला. ‘हे अर्धवट सुटत नाही?’ त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावायला हवा पुरली नाही. गाडी वळणावर उलटली. बाबा कितीतरी वेळ पडद्याकडे बघत होते आणि मला त्यांच्याशी बोलायचं धाडस होईना.

शोध घेतला तेव्हा कळलं की खेळाचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडचा ब्रेक पायरीपायरीने सोडता येतो, अमेरिकन मालगाडीचा सुटायला लागला की पूर्ण सुटतो. तिथले ड्रायव्हर म्हणून उतारावर इंजिनाच्या डायनॅमिक ब्रेकवर भर देतात आणि हवेचा ब्रेक एकदा हलका लावून तसाच धरून ठेवतात. हा फरक खेळाच्या फाईलमध्ये शब्दांत लिहिलेला होता: ‘ट्रिपल व्हॉल्व्ह’. त्या जागी ‘ग्रॅज्युएटेड रिलीज ट्रिपल व्हॉल्व्ह’ लिहिलं की ब्रेक आपल्यासारखा. मी एकेका वॅगनची फाईल उघडून तो शब्द बदलला. पुढच्या सुट्टीला बाबांनी तीच गाडी उतरवली, मध्ये दोनदा पूर्ण उभी केली आणि खाली आल्यावर म्हणाले, ‘आता ही आपली.’

हे सगळीकडे चाललं होतं. कुणी जर्मनीत, कुणी ऑस्ट्रेलियात, कुणी आपल्याकडे स्वतःची इंजिनं घडवत होते. भारतीय हौशी मंडळींनी डब्ल्यूडीएम-टू आणली, डब्ल्यूएपी-फोर आणली. टेलिफोनच्या तारेवरून ती उतरवायला रात्र जायची आणि कुणीही पैसे मागत नसे.

पुढे काय झालं ते थोडक्यात. दुसरा भाग जाहीर झाला आणि बारगळला. २००७ मध्ये पुन्हा जाहीर झाला. जानेवारी २००९ मध्ये तो करणारा मायक्रोसॉफ्टचा स्टुडिओच बंद झाला. कूजूने २००७ मध्ये ‘रेल सिम्युलेटर’ काढला, आजच्या डव्हटेल कंपनीच्या ‘ट्रेन सिम्युलेटर’चं मूळ तेच. आजच्या खेळांत पाऊस काचेवरून ओघळतो, आवाज अस्सल असतात, मी ते आवडीने बघतो. पण जे चालवायचं ते बहुतेक विकत घ्यायचं आणि दिलं तसं चालवायचं. ज्या मुलाच्या बापाला वेगळा ब्रेक हवा आहे, त्याच्यासाठी तिथे फारशी जागा ठेवलेली नाही, आणि हे मला मनापासून लागतं.

जुन्या खेळाच्या फाईली मात्र मेल्या नाहीत. ‘ओपन रेल्स’ नावाचा फुकट प्रोग्रॅम स्वयंसेवकांनी लिहिला, त्याची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. तो जुने मार्ग आणि जुनी इंजिनं वाचतो आणि आजच्या कॉम्प्युटरवर चालवतो. त्याचा सगळा कोडही खुला आहे. बाबा आता निवृत्त आहेत आणि आम्ही दोघं मिळून त्यावर कसारा घाट बांधतोय.

सध्याचं काम कॅच साइडिंगचं. घाट उतरताना काटा आधी साइडिंगकडेच वळवलेला असतो, म्हणजे ब्रेक गेलेली गाडी चढाच्या आडमार्गावर जाऊन थांबावी. शाबूत गाडीने आधी पूर्ण उभं राहायचं, मग काटा फिरतो आणि सिग्नल मिळतो. सिग्नलचे नियमही मजकुराच्या फाईलमध्येच असतात आणि गाडीचा वेग ठरावीक मर्यादेच्या खाली आल्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही, अशी अट ओपन रेल्समध्ये घालता येते. ती मी घातली. बाबांनी गाडी चालवून पाहिली आणि म्हणाले, सिग्नल फार लवकर सुटतो, उभं राहिल्यावर ठरलेला वेळ जायला हवा. तो वेळ मोजणारी ओळ लिहायची आहे.