घंटा एक, पहारेकरी अनेक

रात्रीं पहारेकरी माणूस केव्हां ना केव्हां पेंगतो. म्हणून पहाऱ्याचें काम विजेकडे सोंपविण्याची युक्ति मनुष्यानें काढिली. अमेरिकेंत बोस्टन शहराजवळ राहणाऱ्या ऑगस्टस पोप यांनीं १८५३ सालीं अशा घंटेचें पेटंट घेतलें. दार उघडतांच विजेचा मार्ग पुरा होई आणि घंटा वाजूं लागे. आजच्या मोटारींतील चोरसूचक भोंगा त्याच घंटेचा वंशज होय.

मोटारीच्या दाराच्या चौकटींत एक लहानसें बटण असतें. दार मिटलेलें असतां तें दाबलेलें राहतें व मार्ग तुटलेला असतो. दार उघडलें कीं बटण सुटतें, भोंग्याच्या पेटीकडून आलेली तार मोटारीच्या लोखंडी सांगाड्यास मिळते, आणि पेटीस सूचना पोंचते. आतां बॉनेटवरहि पहारा हवा असल्यास दुसरी पेटी नको. तेथें नवें बटण बसवून त्याची तार पहिल्या तारेस समांतर जोडावी. दोहोंपैकीं कोणतेंहि एक सुटलें तरी भोंगा वाजेल. मात्र दाराच्या बटणावरच आंतील दिवा लागत असेल, तर जोडणींत डायोड घालावा लागतो. डायोड म्हणजे विजेस एकाच दिशेनें जाऊं देणारी झडप. ती नसल्यास बॉनेट उघडतांच आंतील दिवाहि लागेल. धक्का ओळखणाऱ्या पहारेकऱ्यास स्वतःस वीज लागते. म्हणून त्यास विजेची, सांगाड्याची व सूचनेची अशा तीन तारा असतात, आणि विजेच्या तारेंत फ्यूज अवश्य असावा.

परंतु या जोडणींत एक उणेपणा आहे. बटणाची तारच तुटली तर? घंटा मुकी होते, आणि मालकास ती शांतता सुरक्षितपणाची वाटते. यावर उपाय असा कीं, मार्ग सदैव पुरा ठेवावा आणि सर्व पहारेकरी माळेंतील मण्यांप्रमाणें एकामागून एक गुंफावे. मग दार उघडो वा तार तुटो, प्रवाह थांबतो व त्या थांबण्यानेंच घंटा वाजते. १८७२ सालीं विल्यम रॉबिन्सन यांनीं हेंच तत्त्व आगगाडीच्या रुळांस लाविलें. रुळांतून वाहणारा प्रवाह गाडीच्या चाकांनीं वळला किंवा रूळ भंगल्यानें खंडला, तर सिग्नल आपोआप धोका दाखवितो.

आपल्या खेडवरून जाणारी कोंकण रेल्वे १९९८ सालीं पूर्ण झाली. दरडींपुढें पहारा किती मोलाचा, हें तिला फार महाग पडून कळलें. २२ जून २००३ रोजीं वैभववाडीजवळ दरडीमुळें गाडी घसरून पन्नासाहून अधिक माणसें दगावलीं. पुढच्याच वर्षीं १६ जून रोजीं आपल्या उत्तरेस करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळांवर आलेल्या दगडांमुळें घसरली. त्यानंतर पहारेकरी वाढविण्यांत आले. डोंगरकडांवर जाळ्या पसरल्या. काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाणी धोक्याच्या रेषेवर चढतांच सूचना देणारीं यंत्रें, आणि रत्नागिरीजवळील सुमारें ६४ मीटर उंच पानवल पुलावर वारा मोजणारें यंत्र बसविलें. तरीहि पावसाळ्यांत माणसें रुळांवरून फिरून पहारा करितातच.

पहारेकरी वाढले कीं खोट्या हांकाहि वाढतात, हें विसरूं नये. मेघगर्जनेनेंहि भोंगा वाजूं लागला, तर शेजारी कान बंद करितात, आणि “लांडगा आला रे आला” या गोष्टींतील मुलाप्रमाणें खऱ्या संकटांत कोणी धांवत नाहीं. म्हणून धक्क्याच्या यंत्राची संवेदना बेताची ठेवावी, आणि दर महिन्यास एकेक दार उघडून घंटा तपासावी.

२०२१ च्या जुलै महिन्यांत जगबुडीचें पाणी आपल्या बाजारपेठेंत शिरलें, तें येथील पालकांस सांगावयास नको. तार, बटण व भोंगा हीं संकट अडवूं शकत नाहींत. तीं केवळ कांहीं क्षण मिळवून देतात. त्या क्षणांत कोणी उठावें, कोणास हांक मारावी व कोणत्या वाटेनें निघावें, हें घरांत आधींच ठरलेलें असेल, तरच घंटेचें वाजणें सार्थकीं लागेल.